अर्जित रजा, दिवस नऊ

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं : घरी शस्त्रक्रिया.
खोटं नव्हतं.
भदौरिया साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला,
"घर में तो आप अकेली हैं न, मुळ्ये मैडम?"
मी म्हटलं, जी.
त्यांनी बराच वेळ पेनाच्या टोपणाशी चाळा केला
आणि सही केली.
तेवीस वर्षांत माझ्या नावावर इतकी रजा साठलीय
की मर्यादेवरची दरवर्षी वायाच जाते,
नळाखाली विसरलेल्या बादलीसारखी.

तपकीर पोत्यावर पडून आहे.
पोटावर अकरा टाके, गळ्यात प्लास्टिकचा भोंगा.
ती चौकटीला धडकते, खुर्चीला, माझ्या गुडघ्याला,
आणि दर वेळी रागाने माझ्याकडेच बघते.
गर्भपिशवी सडली होती, डॉक्टर म्हणाले,
दोन दिवस उशीर झाला असता तर...
पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं.

माझी काढली तेव्हा सतराव्या दिवशी
लष्करहून टेंपोत बसून मी मोतीमहालला कामावर गेले होते,
पिशवीत बसायला उशी.
कुणी जा म्हणालं नव्हतं.
नको जाऊस असंही नाही.

गोळी पेढ्यात लपवली. पेढा गेला,
गोळी फरशीवर, स्वच्छ, चाटूनपुसून.
पनीरमध्ये लपवली. तेच.
शेवटी जबडा उघडून घशापर्यंत बोट घातलं,
त्यानंतर तासभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

थंडी अशी, की दहापर्यंत किल्ला नसतोच,
रात्रीतून कुणी उचलून नेल्यासारखा.
मग धुक्यातून एकेक बुरूज परत येतो.
हे मला ठाऊक नव्हतं. दहाला मी हजेरीपटावर सही करत असते.
साडेअकराला ऊन स्वयंपाकघरात येतं,
डब्यांच्या फळीवरून उतरतं, हेही नव्हतं.
तपकीर त्याच्यामागे एकेक फरशी सरकत जाते.
तिला पाठ आहे.
मी या घरात फक्त झोपायला येते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता
ती उठली, टाके सांभाळत, भोंगा आपटत,
मागच्या अंगणातल्या जाळीपाशी जाऊन बसली.
पलीकडून खोकला, मग खुर्ची ओढल्याचा आवाज,
मग, "आ गई मुन्नी? चार दिन कहाँ रही?"

मुन्नी.

कुशवाहजी. त्यांची गिरणी बंद पडली त्याच्या आधीपासून शेजारी,
आणि नमस्तेपुढे आमचं कधी गेलं नाही.
जाळीतून गजकचा तुकडा आला.
त्यामागोमाग सुनेची तक्रार, गुडघा, पेन्शन,
आणि बायकोशी झालेलं कुठलं तरी जुनं भांडण,
जे ते रोजच सांगत असणार,
कारण अर्ध्यावरच तपकिरीने जांभई दिली.

मी दाराआड, ओल्या हातांनी.
माझ्या कुत्रीला दुसरं नाव आहे,
दुसरी भाषा, रोजची ठरलेली बैठक.
आणि मी समजत होते, ती दिवसभर माझी वाट बघते.

जाऊन सांगायला हवं होतं, गजक नका देऊ.
मी आत गेले. गॅस बंद आहे का बघितलं. बंदच होता.
मग बाहेर आले.
"ऑपरेशन हुआ है इसका."
ते उठायला लागले, उठवेना.
जाळीत दोन बोटं घालून म्हणाले,
"हम तो समझे, आप लोग इसे कहीं छोड़ आए."

आप लोग.
मी मागे वळून बघितलं, आणखी कोण आहे.

आता तीनला मीही स्टूल घेऊन बसते.
ते मला काही सांगत नाहीत, तिलाच सांगतात,
मी फक्त मध्ये मध्ये भोंगा सरळ करते.
टाके मंगळवारी निघतील. बुधवारी ऑफिस.
भांडणाचा शेवट मला अजून कळलेला नाही.
ती जांभई देते,
आणि ते तिथेच थांबतात.